गाळलेली दोन पानं

“तिचा हात कुठे गेला?” आईनं विचारलं.

मी वाचता वाचता थांबले. जानेवारीतली दुपार होती. गॅलरीत ऊन उतरलं होतं आणि आई काळा चष्मा लावून, शाल गुंडाळून वेताच्या खुर्चीत बसली होती. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, गॅसच्या धगीपुढे उभं राहायचं नाही, आणि नव्या चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत वाचायचं नाही. पहिली तीन पथ्यं तिनं मुकाट्यानं पाळली, चौथं मात्र तिला फार जड गेलं. म्हणून दुपारी जेवणं झाली की तासभर मी तिला वाचून दाखवत होते. सार्वजनिक वाचनालयातून आणलेली जाडजूड अनुवादित कादंबरी होती. वेस्ट इंडीजमधलं एक बेट, अठरावं शतक, उसाचा मळा आणि त्या मळ्यावर विकत आणलेली एक बाई.

“कुठला हात?” मी म्हटलं. कुठला ते मला चांगलं माहीत होतं.

“अगं, मघाशी ती दोन्ही हातांनी उसाची मोळी उचलत होती. आता तू वाचलंस, एका हातानं पोराला कडेवर घेते आणि दुसरी बाही नुसतीच लोंबते. आणि काल त्या चरकाजवळ एक कुऱ्हाड टेकवून ठेवलेली होती. ती कशाला होती?”

मी दोन पानं गाळली होती.

पानं गाळण्याची कारणं मी स्वतःला आधीच सांगून ठेवली होती. जखम ताजी आहे, डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हटलंय, हिचं बीपी वर जातं. सगळं खरं होतं. पण आदल्या रात्री ती पानं मी एकटीनं वाचली होती आणि मला ती माझ्या तोंडानं उच्चारायची नव्हती, हे त्याहून खरं होतं. मनात वाचताना ओळीवरून घसरत पुढे जाता येतं. नको त्या शब्दाकडे न बघितल्यासारखं करता येतं. मोठ्यानं वाचताना प्रत्येक शब्दाला जीभ लावावी लागते. त्या दोन पानांत काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते लेखकाच्या मनातून आलेलं नाही, त्या काळातल्या माणसांनी लिहून ठेवलेलं आहे. बेटांवर गाळपाचा हंगाम सुरू झाला की चरक रात्रंदिवस चालत. तोडलेला ऊस पडून राहिला की रस आंबतो, म्हणून थांबायची सोय नसे. चरकात ऊस सारायचं काम बऱ्याचदा बायकांकडे असायचं. दिवसभर शेतात राबून रात्रीच्या पाळीला उभं राहिलेल्या बाईला डुलकी लागली की बोटं उसाबरोबर रुळांमध्ये जात, आणि मग मनगट, मग कोपर. वाऱ्यावर, पाण्यावर किंवा जनावरांवर फिरणारा चरक असा पटकन थांबवता येत नाही. म्हणून शेजारी धार लावलेलं पातं तयार ठेवलेलं असे. हात तोडायचा आणि बाई वाचवायची. बाई कामाची होती, तिचे पैसे मोजलेले होते.

“नंतर वाचते ते,” मी म्हटलं. आई काहीच बोलली नाही. तिनं तोंड उन्हाकडे वळवलं. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते मला कळत नव्हतं.

गेल्या सात-आठ वर्षांत मी अशा बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या आहेत. पकडून नेलेली माणसं, जहाजाच्या पोटात साखळीनं जखडलेली माणसं, लिलावाच्या ओट्यावर दात दाखवणारी माणसं. एक संपली की मी दुसरी शोधते. मैत्रिणी विचारतात, इतकं भयाण कसं वाचवतं तुला? मी आजवर त्यावर काहीतरी भारदस्त उत्तर देत आले. पण आईच्या प्रश्नानंतर दोन दिवस मी त्याचा विचार करत राहिले आणि मला वाटायला लागलं की मी ती पुस्तकं एका भरवशावर उघडते. गोष्ट जिची आहे ती शेवटपर्यंत जगणार, हा तो भरवसा. ती मेली तर गोष्ट कोण सांगणार? पहिल्या पानावरच ती म्हातारी होऊन काहीतरी आठवत बसलेली असते, त्यामुळे मधल्या चारशे पानांत तिच्यावर काहीही कोसळलं तरी माझा एक हात कठड्याला धरलेला असतो. आपल्या भाषेत पुस्तक वाचणं आणि जीव वाचणं याला एकच क्रियापद आहे. ‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी मी शाळेपासून प्रत्येक वाचनालयात बघत आले, इतकी की ती दिसेनाशी झाली होती. आफ्रिकेतून अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडच्या किनाऱ्याला उतरली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मधले अठरा लाख समुद्रात गेले. माझ्या कपाटातली एकही कादंबरी त्या अठरा लाखांतल्या कुणाची नाही. असूही शकत नाही. मी वाचते ती नेहमी वाचलेल्यांचीच गोष्ट.

आणि त्यातलीही दोन पानं मी गाळते.

या कादंबरीनं मला एरवीपेक्षा जास्त पकडलं, त्याला अनुवाद कारणीभूत होता. ज्यानं कुणी तो केला त्याला ऊस माहीत होता. चरक, काहील, चिपाडं, मळी, काकवी, ढेप असे शब्द त्यानं निर्धास्त वापरले होते, आणि त्यामुळे समुद्रापलीकडचं ते बेट एकदम निफाड तालुक्यात येऊन बसलं. आईचं माहेर तिकडचं. आता तिथं सगळीकडे द्राक्षबागा आहेत, पण माझ्या लहानपणी मामांचा ऊस होता आणि मळ्यात गुऱ्हाळ लागायचं. गुऱ्हाळ हा मराठीतला सुट्टीचा शब्द आहे. तो उच्चारला की तोंडाला गोडी येते. थंडीतली पहाट, चुलवणातला लाल जाळ, काहिलीतल्या रसाला आलेला फेस, भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणारी काळसर मळी, ती झाऱ्यानं ओढून काढणारा गुळव्या आणि त्याच्याभोवती आम्ही दहा-बारा पोरं, हातात उसाचं कांडं घेऊन. कांडं काहिलीत बुडवायचं आणि त्याला चिकटलेली गरम काकवी चाटायची. जीभ भाजायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. कादंबरीत तीच काहील, तोच फेस, चिपाडांचा तोच गोड-आंबूस धूर, आणि काहिलीशी उभा असलेला माणूस विकत घेतलेला. उकळता पाक अंगावर उडाला की तो सुटत नाही, कातडीसकट निघतो, असं एक वाक्य त्यात आहे. ते वाचल्यावर मला माझी भाजलेली जीभ आठवली आणि कसंतरी झालं. आपल्या लाडक्या आठवणीला दुसऱ्या कुणाच्या मरणाचा वास यावा, हे मला नको होतं. पण शब्द एकच होता. आता तो वेगळा काढता येत नाही.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “चिपाडं वाळत घालायला आमच्याकडे मंगळी असायची.”

मंगळी मला नवीन नव्हती. आईच्या माहेरच्या गोष्टींत ती नेहमी यायची. आई आणि मंगळी बोरं पाडायला गेल्या, आई आणि मंगळी विहिरीत पडता पडता वाचल्या, मंगळीनं साप शेपटीला धरून भिरकावला. मंगळवारी आली म्हणून मंगळी. पेठ-सुरगाण्याकडच्या कुठल्याशा पाड्यावरची, आईच्याच वयाची. तिच्या बापानं आजोबांकडून उचल घेतली होती आणि ती फिटेपर्यंत मुलगी कामाला ठेवली होती. शेणगोठा, पाणी, सरपण, चिपाडं. हे सगळं मला माहीत होतं आणि ते मी कधी वेगळं करून बघितलंच नव्हतं, कारण मंगळीची प्रत्येक गोष्ट एकाच वाक्यानं संपायची. “तिला आम्ही अगदी घरच्यासारखं ठेवलं होतं.” आजी हे वाक्य म्हणायची, मामा म्हणायचे, आईही म्हणायची. आठ वर्षांची मुलगी बापाच्या कर्जापोटी दुसऱ्याच्या घरी राबत होती, एवढंच जर मी त्या बेटावरच्या कादंबरीत वाचलं असतं तर माझ्या घशात आवंढा आला असता. मंगळीच्या बाबतीत चाळीस वर्षांत तो एकदाही आला नव्हता.

त्या आठवड्यात मी संध्याकाळी पायी फिरायला लागले. आमच्या घरापासून शरणपूर रोड सात-आठ मिनिटांवर आहे. कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला गाड्यांची गर्दी, दुकानांच्या पाट्या, कोचिंग क्लासमधून सुटलेली मुलं, पाणीपुरीच्या गाड्या. या रस्त्यावरून मी हजारदा गेले असेन, पण त्याच्या नावाचा विचार पहिल्यांदा केला तो काही वर्षांपूर्वी, अशाच एका कादंबरीनंतर हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराबद्दल वाचताना, तेव्हा. झांजिबारच्या बाजूनं माणसं भरून निघालेली गलबतं इंग्रजांच्या आरमारानं पकडली की त्यातल्या सुटलेल्या पोरांचं करायचं काय, असा प्रश्न असे. त्यातली काही मुंबईला उतरवली जात. आणि मुंबईतून काही जण इथं, नाशिकला, मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात वसवलेल्या शरणपूर नावाच्या वस्तीत आणले जात. शरण आलेल्यांचं पूर. तिथं त्यांना इंग्रजी शिकवत, सुतारकाम, लोहारकाम शिकवत आणि बाप्तिस्मा देऊन नवी नावं देत. ज्या रस्त्यावर मी भाजी घेते त्या रस्त्याला त्या वस्तीमुळे हे नाव आहे. ही मुलं आज मलावी, टांझानिया, मोझांबिक म्हणतात त्या मुलखातून पायी किनाऱ्यापर्यंत हाकलत आणलेली. पहाटे गोदावरीवरून येणारं धुकं त्यांनी बघितलं असेल. नाशिकची थंडी त्यांना बोचली असेल. मराठी त्यांच्या कानावर पडलीच असेल. बाजारात कुणी त्यांना काय हाक मारली असेल, ते मला कल्पनेनं ऐकू येतं आणि ते ऐकायला बरं वाटत नाही.

जगाच्या इतिहासात ही मुलं ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. आफ्रिका धुंडाळणारा ब्रिटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ साली शेवटच्या प्रवासाला तिथं शिरला तेव्हा त्याच्याबरोबर इथले नऊ जण होते. नंतर १८७२ साली त्याच्या मदतीला जी तुकडी गेली तीत आणखी काही नाशिकचे, आणि त्यातच जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या एका गावात लिव्हिंगस्टन वारला. बरोबरच्या माणसांनी, म्हणजे चुमा, सुसी, जेकब आणि इतरांनी, त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि हजार मैलांहून अधिक अंतर तो खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबनं, कारण त्याला वाचता येत होतं. झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. त्या वाटेची दैनंदिनीही त्यानं इंग्रजीत लिहून ठेवली. १८ एप्रिल १८७४ला लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं तेव्हा शवपेटीला धरून चालणाऱ्यांत तो होता. इथं, या पाणीपुरीच्या गाड्या उभ्या राहतात त्याच परिसरात, तो इंग्रजी अक्षरं गिरवायला शिकला होता.

मला पुन्हा पुन्हा ते झाड दिसतं. एका माणसाचं नाव विसरलं जाऊ नये म्हणून खोडात सुरी घालणारा जेकब दिसतो. त्याचं स्वतःचं पहिलं नाव, आईनं ठेवलेलं, त्याला त्या वेळी आठवत असेल का? ते उच्चारणारं आसपास कुणी होतं का? खोडाचा तो तुकडाही पुढे लंडनला नेऊन जपून ठेवला गेला. मॅथ्यू वेलिंग्टन हा शरणपूरच्या शाळेतलाच दुसरा मुलगा, त्याच तांड्यात होता. तो पुढे मोम्बासाला राहिला आणि खूप म्हातारा होऊन गेला. १८७५च्या सुमारास शरणपुरातले बरेच आफ्रिकी लोक मोम्बासाजवळच्या फ्रेरे टाउनला नेण्यात आले. सुटलेल्या गुलामांसाठी वसवलेलं गाव होतं ते. गुलामांची गलबतं दिसली तर सावध करायला तिथं एक घंटा टांगली होती आणि स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात म्हणून त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात. नाशिककराला घंटा म्हटली की नारोशंकराच्या देवळाचीच आठवते. मला एकदा असं वाटून गेलं की त्या गावात गेलेल्या एखाद्या म्हातारीलाही आठवली असेल.

१८७३ हेच साल पुन्हा पुन्हा समोर येतं. त्या वर्षी मे महिन्यात लिव्हिंगस्टन वारला, जूनमध्ये झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ छापलं गेलं. ते त्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी काळ्यांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. कॉलेजात मी ती अर्पणपत्रिका वाचली तेव्हा मला ती उदात्त वाटली होती, दूर देशाला केलेल्या नमस्कारासारखी. आता वाटतं, जोतीरावांनी तो देश दूर धरलाच नव्हता. त्यांनी तिकडचं वाचलं आणि लगेच नजर आपल्या ओसरीकडे वळवली. मी तिकडचं वाचते आणि तिकडेच राहते. कापूस, साखर, साखळदंड, सगळं समुद्रापार. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे दासी, विकत घेतल्या जात, त्यांच्या किमतीचे व्यवहार दप्तरात लिहिलेले आहेत. १८४३च्या कायद्यानं गुलामगिरीची कायदेशीर मान्यता इंग्रजी मुलखात संपली. कर्जापोटी राबवून घेण्याविरुद्ध देशभराचा कायदा व्हायला १९७६ उजाडावं लागलं. मंगळी आली ती त्याच्या दहा-बारा वर्षं आधी. आणि २०२२ साली, इथून तासाभराच्या रस्त्यावर, इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी घरांतली लहान मुलं थोडेसे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती, हे उघड झालं, तेही त्यातली दहा वर्षांची एक मुलगी मेल्यावर. ती बातमी मी चहा पिता पिता वाचली होती. पान उलटलं होतं. त्या रात्री मी कुठलीतरी कादंबरी वाचत होते, कुठली ते आता आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी शरणपूरच्या जुन्या चर्चपाशी थोडा वेळ उभी राहिले. आत कुणीतरी झाडलोट करत होतं. झाडांवर साळुंक्यांचा कलकलाट होता. मी कशासाठी तिथं गेले होते ते मला नीटसं सांगता येणार नाही. घरी परतताना उसानं भरलेला एक ट्रॅक्टर दिसला. दोन ट्रॉल्या, वर पाचटाचे तुरे हलताहेत, आणि सगळ्यात वर, मोळ्यांवर, चादर पांघरून एक बाई झोपलेली. सिग्नल सुटला आणि ट्रॅक्टर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन बसले आणि सरळ ती दोन पानं काढली. “तू विचारलंस ना, हात कुठे गेला,” एवढंच म्हटलं आणि वाचायला लागले. माझा आवाज पहिल्या परिच्छेदातच कापरा झाला. रात्रीची पाळी, दिव्याचा धूर, ऊस सारणारी बाई तिच्या गावाकडचं काहीतरी गुणगुणतेय, झोप येऊ नये म्हणून. मग ती ओळ येते जिच्यात गुणगुणणं थांबतं. मी थांबले नाही. कुऱ्हाड, मुकादमाचं ओरडणं, तिचा स्वतःच्या हाताकडे बघण्याचा तो एक क्षण, सगळं वाचलं. दोन पानांना किती वेळ लागतो? पाच-सहा मिनिटं लागली असतील. वाचून झाल्यावर खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत राहिला. आईनं चष्म्याच्या खालून, डोळ्याला धक्का न लावता, पदराच्या टोकानं गाल टिपला.

“औषध घालायची वेळ झाली,” ती म्हणाली.

मी ड्रॉपची बाटली आणली. तिनं मान मागे टाकली, मी खालची पापणी ओढली आणि थेंब टाकला. डोळा मिटून पाच मिनिटं तसंच बसायचं असतं. त्या पाच मिनिटांत, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, ती बोलायला लागली.

“मंगळी पळाली होती एकदा. दिवाळी होऊन गेली होती. ऊस डोक्याच्या वर गेला होता. सकाळी गोठ्यात कुणी नाही म्हणून आरडाओरडा झाला. आप्पांनी गडी पाठवले, एक नदीकडे, एक सडकेकडे. कुणाला मिळेना. मग आप्पांनी मला विचारलं, तुला सांगून गेली का गं? तिनं मला सांगितलं होतं. उसात बसते म्हणाली, रात्र झाली की जाईन. मला म्हणाली, तुला बोरं आणून देईन घरची.” आई थांबली. “मीच सांगितलं, उसात आहे म्हणून.”

मी काही बोलले नाही.

“मला वाटलं लपाछपीच आहे ती. लहान होते ना. तसं वाटलं होतं, का मी आता तसं म्हणतेय, कुणास ठाऊक. मारलं नाही गं तिला कुणी. आप्पा तसे नव्हते. गड्यानं धरून आणली, पाचटानं तोंडभर ओरखडे आले होते तिच्या. आईनं हळद लावली. फक्त त्या दिवसापासून रात्री ती झोपायची त्या खोलीला बाहेरून कडी घालायला सांगितली आप्पांनी.” पुन्हा थोडा वेळ ती गप्प. “ती कडी मी घालायचे. माझी उंची पुरायला लागली तेव्हापासून.”

पाच मिनिटं केव्हाच झाली होती. मी तिला डोळे उघडायला सांगितलं नाही. मला आप्पा आठवत होते, माझे आजोबा, ज्यांनी मला गुऱ्हाळावर खांद्यावर बसवून नेलं होतं, ज्यांच्या सदऱ्याला गुळाचा आणि तंबाखूचा वास यायचा. ते तसे नव्हतेच, हे मीही शपथेवर सांगेन. आणि कडीही खरी होती. वाड्याच्या मागच्या त्या खोलीचं दार मला अजून दिसतं. त्याला बाहेरून लोखंडी कडी होती, लहानपणी आम्ही ती वाजवायचो. आत तेव्हा पेंडीची पोती असायची. दाराला बाहेरून कडी कशाला, असं मी कधी विचारलं नाही. सगळ्याच दारांना कड्या असतात.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. अजून तीन की चार वर्षं होती. मग बाप आला, लग्न ठरलं म्हणाला, घेऊन गेला. उचल फिटली होती का ते मला माहीत नाही. आईनं तिला नवं लुगडं दिलं, नारळ दिला. मी शाळेत गेले होते. घरी आले तर गेलेली.” आणि मग सवयीनं तिच्या तोंडून ते वाक्य सुरू झालं, “तिला आम्ही अगदी...” आणि तिनं ते अर्ध्यावर सोडलं.

रात्री तिनं मला मोठ्या मामांना फोन लावून द्यायला सांगितलं. मामा आता ऐंशीला टेकलेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर होता आणि दोघं मोठ्यानं बोलत होती. द्राक्षांचं काय चाललंय, थंडीनं मणी तडकतील का, डोळा कसाय, हे झालं. मग आई म्हणाली, “दादा, मंगळीचं खरं नाव काय होतं रे?”

“कोणाचं?”

“मंगळीचं. आपल्याकडं होती ती.”

“मंगळीच की,” मामा म्हणाले. “मंगळीच नाव होतं तिचं. का गं, आज काय काढलंस?”

“काही नाही. सहज.” तिनं फोन माझ्याकडे दिला.

गॅलरीचं दार लावायला मी उठले तर ती म्हणाली, राहू दे जरा उघडं. थंडी होती, तरी राहू दिलं. रस्त्यावरची वर्दळ कमी झाली होती. तिनं शाल डोक्यावरून घेतली, काळा चष्मा काढून हातात धरला आणि अंधारात एका बाजूला मान कलती करून बसली, दूरचं काही ऐकायचं असलं की बसते तशी.

“ई होती शेवटी,” ती म्हणाली. “बाजाराच्या दिवशी बाप यायचा तिचा कधीतरी. वाड्यात यायचा नाही, गोठ्याच्या पलीकडून हाक मारायचा. काय हाक मारायचा तो... पहिलं अक्षर नाही ऐकू यायचं नीट, वारा असायचा. पण शेवटी ई होती, लांबवलेली. एवढं नक्की.”

तिनं ते हळू आवाजात, लांबवून म्हणून पाहिलं. मान हलवली. मग दुसरं एखादं अक्षर पुढे लावून पुन्हा म्हणून पाहिलं.